मागचं दिसत नाही

आजचा विषय जरा वेगळा आहे मंडळी. गेले तीन वीकेंड मी एका जीपच्या हूडमध्ये अडकलो होतो. हूड म्हणजे इंजिनावरचं बॉनेट नव्हे. आमच्याकडे हूड म्हणजे जीपवरचं कापडी छप्पर, त्याचे बाजूचे पडदे आणि त्या पडद्यांना शिवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या. "कोडिंग सोडून शिवणकाम कधी सुरू केलंस?" असं रूममेटने विचारून झालंय. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आमचं गाव साखरखेर्डा. तालुका सिंदखेड राजा, जिल्हा बुलढाणा. पुण्यात हे नाव सांगितलं की समोरचा नुसताच मान डोलावतो, मग मी जिजाऊंचं सिंदखेड राजा आणि लोणारचं सरोवर अशा खुणा सांगतो. इतिहासाची आवड असलेल्यांना १७२४ एवढं सांगितलं तरी पुरतं. त्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या गावाजवळ निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाला हरवलं आणि हैदराबादच्या निजामीचा पाया पडला. जिंकल्याच्या आनंदात त्याने गावाचं नाव बदलून फतेहखेडा केलं म्हणे. ते काही टिकलं नाही. असो.

तर जीप. जीप आहे माझ्या मोठेबाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. महिंद्रा कमांडर. आमच्या भागातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको, कारण एके काळी एसटी चुकली की कमांडर हाच आधार असायचा. साखरखेर्ड्याहून लव्हाळा फाटा, तिथून मेहकर किंवा चिखली. आत किती माणसं बसायची हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून सांगत नाही. आता मोठेबाबा ती फक्त शेतासाठी वापरतात. खताची पोती, सोयाबीन, फवारणीचे पंप, कधी मजूर. वय मोठेबाबांचं अडुसष्ट, जीपचं सव्वीस. दोघांनाही कुणी म्हातारं म्हटलेलं चालत नाही.

या वर्षी पोळ्याला घरी गेलो होतो. सकाळपासून झड लागलेली. बैल सजवून, पुरणपोळी हाणून सगळे ओसरीवर बसलेले. मोठेबाबांना शेतात काहीतरी पोचवायचं होतं, म्हणून त्यांनी अंगणातून जीप रिव्हर्स घ्यायला सुरुवात केली. पावसामुळे सगळे पडदे खाली, बटनं लावलेली. आणि एकदम आईची किंकाळी.

शेजारचं सहा वर्षांचं पोरगं. त्याची चप्पल चिखलात रुतली होती, ती काढायला जीपच्या मागे वाकलेलं. मोठेबाबांचा पाय ब्रेकवर गेला. चाक चप्पलवर थांबलं. पोरगं हातभर अंतरावर.

झालं काहीच नाही. पोराला त्याच्या आईने दोन धपाटे घातले आणि मग जवळ घेतलं. ओसरीवरची मंडळी "वाचलं बाप्पा" म्हणाली आणि पाच मिनिटांत विषय बैलांच्या शिंगांवर गेला. मी मात्र जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि मागे वळून बघितलं.

काही दिसत नव्हतं हो. मागच्या पडद्यातली खिडकी म्हणजे नावाला खिडकी. जुन्या पिवळट ताकासारखा रंग, त्यावर उभे-आडवे ओरखडे, मधोमध घडीच्या जागी तडा आणि तड्यावर खाकी चिकटपट्टी. मागे अंगण आहे, उजेड आहे, एवढंच कळत होतं. माणूस आहे का खांब आहे, ते कळत नव्हतं.

"मोठेबाबा, यातून तुम्हाला दिसतं काय?"

"दिसत नाही तं काय झालं? मले अंगण पाठ हाय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यांना खरोखरच अंगण पाठ आहे. चाळीस वर्षं त्याच अंगणातून गाडी काढतायत. पण पाठ असतं ते अंगण. पोरगं पाठ कसं असणार? ते तर आजच तिथे आलं होतं.

आणि मोठेबाबा निष्काळजी माणूस नाहीत. ऑइल वेळेवर, ब्रेक वेळेवर, पासिंग वेळेवर. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, तेही न चुकता केलेलं. मग खिडकीच कशी राहिली? माझ्या मते कारण एकच. ब्रेक एका दिवशी लागत नाही. टायर एका दिवशी फुटतो. प्लास्टिक मात्र कुठल्याच दिवशी खराब होत नाही. कालच्याइतकंच आज दिसतं आणि आजच्याइतकंच उद्या. असं करत करत सात-आठ वर्षांनी काहीच दिसत नाही, आणि तोपर्यंत न दिसण्याची सवय झालेली असते. आपण सर्व्हरच्या डिस्कवर अलर्ट लावतो तो याचसाठी ना? हळूहळू भरत जाणारी गोष्ट माणसाच्या लक्षात येत नाही म्हणून.

आता थोडी केमिस्ट्री. (कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा, पण बाईकवाल्यांनी आणि रेनकोटवाल्यांनी वाचा.)

खिडकीचं हे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. तेच ते, पाण्याचे कडक पाइप असतात ते. मग ते मऊ कसं होतं? त्यात तेलासारखं एक रसायन मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. ही युक्ती १९२६ मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन या केमिस्टला सापडली. मऊ शीटमध्ये बऱ्याचदा वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा हे तेलच असतं. गंमत म्हणजे ते पीव्हीसीला पक्कं जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. त्यामुळे ते हळूहळू बाहेर पडत राहतं. जुन्या पासच्या प्लास्टिक कव्हरला आतली छपाई चिकटून आलेली आठवतेय का? तो याच तेलाचा प्रताप. तेल गेलं की शीट आकसते, कडक होते आणि घडीवर तडकते.

पिवळेपणाचं कारण वेगळं. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटत जातं. मागे राहिलेली साखळी निळा उजेड गिळते आणि आपल्याला शीट पिवळी, मग तपकिरी दिसते. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो. तापलेल्या लोखंडी कमानीला जिथे प्लास्टिक टेकतं, तिथे तर तपकिरी रेघच उमटते. आमच्या जीपच्या बाजूच्या खिडक्यांवर अशा रेघा बरोबर कमानींच्या मापात होत्या.

राहिलं धुरकटपण. त्यात दोष आपला. धूळ बसलेली असताना कोरड्या फडक्याने पुसलं की आपण बारीक पॉलिश पेपरच फिरवत असतो. मोठेबाबा तर "चकाकी येते" म्हणून डिझेलच्या बोळ्याने पुसायचे. डिझेल, पेट्रोल, थिनर ही सगळी मंडळी त्या शीटमधलं मुरलेलं तेल ओढून काढतात. चकाकी येते खरी, तासभर. काच पुसायचे अमोनियावाले स्प्रेही नकोत.

बरं, कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड पार झाला पाहिजे, आणि काच तशी राखली पाहिजे. याच नियमाच्या आधारे २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मला बंदी केली. तेव्हा चौकाचौकात पोलीस फिल्म फाडत होते. फिल्म एका दिवसात चिकटवली जाते म्हणून ती डोळ्यात भरते. जीपच्या मागचं प्लास्टिक वर्षानुवर्षं काळवंडत त्याच अंधारापाशी पोचतं, पण त्याची पावती कुणी फाडत नाही. नियम काचेबद्दल आहे, प्लास्टिकचं काय, असला वाद मला घालायचाच नाही. मागच्या काचेतून ७० टक्के उजेड का हवा याचं जे उत्तर आहे, तेच प्लास्टिकलाही लागू पडतं.

तर मी पुण्याला परतल्या परतल्या पहिलं काम केलं ते कुठलाही आयटीवाला करतो ते. ऑनलाइन हूड मागवलं. पूर्ण सेट, छप्पर, पडदे, खिडक्या, सगळं. साइटवर लिहिलेलं, 'याच मॉडेलसाठी'. पुढच्या वीकेंडला शुक्रवार रात्रीची गाडी पकडून गावी गेलो. शनिवारी आम्ही दोघं त्या हूडशी झुंजलो. मागच्या कमानीवर ते बसायला दोन बोटं कमी पडत होतं, पुढे झोळ आणि मागे ताण. कारण साधं होतं. सव्वीस वर्षांत त्या जीपच्या कमानी दोनदा वाकून सरळ झाल्या होत्या, एक तर शेजारच्या गावातल्या वेल्डरने नवीनच केली होती. कॅटलॉगमधली जीप आणि आमची जीप यांचं नाव तेवढं एक. हूड परत पाठवलं.

"मेहकरले जाऊ," मोठेबाबा म्हणाले. "आधीच सांगणार होतो, पण तू खर्च करून बसला होता."

मेहकरला एक हूडवाले चाचा आहेत. जीपची हुडं, रिक्षाचे पडदे, ट्रॅक्टरची छपरं, ताडपत्र्या, सीट कव्हर, सगळं शिवतात. छोटंसं दुकान, एक जाड कापडाचं मशीन, भिंतीवर टिचबटनांचे डबे. मोठेबाबा त्यांना भाई म्हणतात, ते मोठेबाबांना भाऊ.

चाचांनी आधी मशीनला हातच लावला नाही. जीपभोवती दोन चकरा मारल्या. छपराच्या शिवणीवर अंगठ्याचं नख ओढलं. दोरा पिठासारखा सुटून आला. मग शिवणीपासून वीतभर लांब कापडावर तेच केलं, दोन्ही हातांनी ताणून बघितलं. कापड ढिम्म.

"कापड नाही मेलं भाऊ. दोरा मेला."

हे मला नवीन होतं. मी समजत होतो हूड गेलं म्हणजे सगळं गेलं. प्रत्यक्षात कापड, दोरा आणि प्लास्टिक या तिघांची आयुष्यं वेगवेगळी असतात. शिवणीतला दोरा वर उघडा पडलेला असतो, दिवसभर ऊन खातो, आणि जाडीही कमी, म्हणून तो आधी जातो. प्लास्टिक त्याच्या मागेपुढे. चांगलं कॅनव्हास या दोघांना पुरून उरतं. म्हणजे आमच्या हुडाचं निदान असं निघालं: छप्पर तेच ठेवायचं, सगळ्या शिवणी नव्या पॉलिस्टर दोऱ्याने पुन्हा मारायच्या, बाजूच्या खिडक्या बदलायच्या आणि मागचा पडदा नवा.

"मागचा काउन नवा? कापड तं चांगलं हाय म्हणता," मोठेबाबांनी विचारलं.

चाचांनी पडद्याच्या खालच्या कडेला हात लावला. तिथे सुतळी होती. खालची बटनं पोचत नाहीत म्हणून मोठेबाबांनी गेली दोन-तीन वर्षं सुतळीने ओढून बांधलेला. प्लास्टिक आकसलं, त्याने भोवतीचं कापडही ओढून घेतलं. पडदाच आखूड झाला होता.

मी लगेच हुशारी केली. "मग याच पडद्याचं माप घेऊन नवीन कापा ना."

"जुन्याचं माप घेतलं तं नवं जन्मताच आखूड," चाचा म्हणाले आणि टेप घेऊन कमानी मोजायला लागले. लोखंडाची, कापडाची नाही.

मी गप्प. आमच्या प्रोजेक्टमध्ये जुनी सिस्टिम नव्याने लिहिताना आम्ही नेमकं हेच केलं होतं. जुन्या सिस्टिमच्या वागण्यावरून नवीचं माप घेतलं आणि तिच्या आकसलेल्या सवयीही इमानाने नव्या कोडमध्ये शिवल्या. युजरला मुळात काय हवंय हे जाऊन मोजलं असतं तर सहा महिने वाचले असते. पण ते पुन्हा कधीतरी.

खिडकी बसवायची पद्धतही बघण्यासारखी. मला वाटलं आधी कापडाला चौकोनी भोक पाडतील, मग प्लास्टिक शिवतील. उलटं. अख्ख्या कापडावर प्लास्टिक ठेवून आधी चारी बाजूंनी शिवलं आणि मग मागून कापड कापून खिडकी उघडली. आधी भोक पाडलं तर कापड तिरकं ताणलं जातं आणि खिडकीला सुरकुत्या पडतात. प्लास्टिक मशीनच्या पायाला चिकटतं म्हणून टाल्कम पावडर. टाके मोठे, इंचाला पाच-सहा. बारीक टाके दिसायला छान, पण प्लास्टिकला जवळजवळ भोकं पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं ते त्याच रेघेवर फाटतं. शिवण्याआधी शीट अर्धा तास उन्हात पसरून ठेवली होती, गुंडाळीचा बाक निघून सपाट व्हावी म्हणून.

इथे मी माझी एक कल्पना पुढे केली. मागच्या वर्षी ऑफिसच्या टीमबरोबर गेटवेवरून लाँचने मांडव्याला गेलो होतो. लाँचच्या बाजूंना असेच कापड आणि प्लास्टिकचे पडदे गुंडाळून बांधलेले होते. तेव्हा लक्ष दिलं नाही, आता रात्री बसून वाचलं तर कळलं की बोटींच्या दुनियेत हा केवढा मोठा विषय आहे. खारं पाणी, ऊन आणि वारा, त्यामुळे तिथे पडदे सारखेच बदलावे लागतात. त्यासाठी खास कापडं निघाली. सनब्रेला नावाचं ॲक्रिलिक कापड १९६१ मध्ये अमेरिकेत दुकानांच्या छज्ज्यांसाठी आलं आणि पुढे बोटींवर पोचलं. त्यात रंग धागा बनायच्या आधीच मिसळलेला असतो, म्हणून तो उन्हाने सहज उडत नाही. दोरा आधी मरतो हे त्यांनाही ठाऊक, म्हणून टेफ्लॉनच्या जातीचा दोराही मिळतो. (म्हणजे चाचांचं नख आणि त्यांचं संशोधन एकाच ठिकाणी पोचलं.) आणि सगळ्यात छान गोष्ट म्हणजे बऱ्याच बोटींवर खिडकीचा भाग चेनने लावलेला असतो. खिडकी गेली की चेन उघडा, तेवढाच भाग बदला.

"चाचा, आपण पण चेन लावूया?"

"बोटीवर काळी माती असते काय बेटा?"

नसते. आमच्या शेतातली काळी माती पावसात चेनमध्ये गेली की ती चेन पुढच्या पोळ्यापर्यंत उघडत नाही. पण चाचांनी कल्पना फेकून दिली नाही. मागचा पडदा त्यांनी अख्खाच सुटा केला. वर फिरकीची बटनं, बाजूला टिचबटनं, खाली बक्कलचे पट्टे. दोन मिनिटांत निघतो. पुढे प्लास्टिक खराब झालं की जीप मेहकरला न्यायला नको, नुसता पडदा गुंडाळून एसटीत टाकला की झालं.

हाच माझ्या आजच्या लेखाचा मुद्दा आहे. जो भाग आधी झिजणार हे आपल्याला नक्की माहीत आहे, तो सुटा आणि स्वस्तात बदलता येणारा हवा. आणि तो दिसायचा बंद झाल्यावर नाही, त्याच्या आधी बदलायला हवा. लोक छप्पर गळायला लागलं की धावतात, कारण पाणी डोक्यावर पडतं. खिडकी आंधळी झाली तर आत बसलेल्याला काही त्रास नसतो. त्रास बाहेर मागे उभ्या असलेल्याला होतो, आणि त्याला आपली खिडकी कशी आहे हे माहीतही नसतं. त्यामुळे खिडकीचा खर्च हा गाडी सजवण्याचा खर्च नाही, तो ब्रेकच्या खात्यात टाकायचा खर्च आहे. आमचं सगळं काम त्या ऑनलाइन हुडाच्या निम्म्याहून कमी पैशात झालं, आणि ते पैसे मेहकरातच राहिले.

यावर मित्रांनी दोन आक्षेप घेतले. पहिला, "एवढं करण्यापेक्षा रिव्हर्स कॅमेरा लाव." कॅमेरा वाईट नाही, मीही सुचवला होता. पण कॅमेरा रिव्हर्समध्ये दिसतो. फाट्यावर वळताना मागून येणारा ट्रक खिडकीतूनच बघावा लागतो, आणि शेतातून येताना कॅमेऱ्याच्या डोळ्यावर पण चिखल बसतोच. दुसरा आक्षेप, "सव्वीस वर्षांची जीप भंगारात द्या की." त्यात तथ्य आहे. धूर, डिझेल, सुरक्षितता या सगळ्या हिशोबात ती जीप आज ना उद्या जाणार. पण ती जाईपर्यंत रोज रस्त्यावर आहे ना? 'उद्या काढायचीच आहे' म्हणून आज आंधळी चालवायची, हे मला पटत नाही.

आणि पुण्यातल्या मंडळींनो, हे फक्त साखरखेर्ड्याचं प्रकरण समजू नका. कापडी छपराची थार घेऊन लोणावळ्याला जाणारे माझे दोन मित्र आहेत, त्यांच्या मागच्या खिडक्या मी परवा बघितल्या. एकाची आत्ताच धुरकटलीय. रोज ज्या रिक्षाने ऑफिसला जाता, तिच्या हुडात मागे एक छोटी प्लास्टिकची खिडकी असते. एकदा वळून बघा. मुलांना शाळेत सोडणाऱ्या रिक्षात तर नक्की बघा. रिक्षावाल्या काकांना उपदेश करू नका, त्यांच्या डोक्याला आधीच ताप असतो. खिडकी बदलायला निम्मे पैसे मी देतो, असं सोसायटीतल्या चार पालकांनी मिळून म्हटलं तर काम एका रविवारी होतं.

तपासायची सोपी पद्धत सांगतो. ड्रायव्हरच्या जागी बसा, कुणालातरी गाडीमागे दहा पावलांवर उभं करा आणि हाताची बोटं दाखवायला सांगा. किती बोटं ते सांगता आलं नाही तर प्लास्टिक बदला. हीच तपासणी संध्याकाळी, मागच्या गाडीचा उजेड खिडकीवर पडत असताना पुन्हा करा. ओरखडे तेव्हा खरे दिसतात. दरवर्षी पावसाळ्याआधी एकदा केलं तरी पुरे.

बदलल्यावर काळजी घ्यायची ती एवढीच. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्या, मग सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. घडी घालू नका, मध्ये सुती कापड ठेवून गुंडाळा. ओलं असताना गुंडाळून ठेवू नका. आणि चाचांचा एक सल्ला सगळ्यात मोलाचा वाटला. पडदे लागतात पावसाचे चार महिने आणि थंडीच्या थोड्या सकाळी, पण ऊन खातात बारा महिने. तेव्हा होळी झाली की बाजूचे पडदे काढून घरात अंधाऱ्या जागी ठेवून द्यायचे. नुसत्या एवढ्यानेच आयुष्य वाढतं.

मागच्या रविवारी जीप घेऊन घरी आलो तेव्हा मोठेबाबांनी ती अंगणात रिव्हर्स लावली. पोळ्याच्या दिवसापासून ते त्या प्रसंगाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि तसेच मान वळवून मागे बघत बसले. मागे शेजारचं तेच पोरगं कडेला उभं राहून वाकुल्या दाखवत होतं.

"दिसते काय मोठेबाबा?" मी विचारलं.

"दिसते ना. दात पडला त्याचा पुढचा."

मग खाली उतरले, पोराला जवळ बोलावलं आणि खिशातून दहाची नोट काढून दिली. चप्पल तुटली होती ना त्याची, म्हणाले. नवी चप्पल दहा रुपयात येत नाही हे त्यांनाही माहीत आहे. संध्याकाळी ते त्याला घेऊन बाजारात गेले.